पाऊस पडतो पण मुरत नाही: आधी सेंद्रिय कर्ब वाढवावा की पाण्याची वाट मोकळी करावी?

कोरडवाहू (प्रश्न)

नमस्कार. माझी तीन हेक्टर जमीन संपूर्णपणे पावसावर अवलंबून आहे. जमीन मध्यम खोल असून तिच्यात चिकणमातीचे प्रमाण अधिक आहे, आणि एका बाजूला साधारण दोन टक्के उतार आहे. बारा वर्षांपूर्वी मी ती कसायला घेतली तेव्हा पाऊस हंगामभर विखुरलेला असे. आता तोच पाऊस चार-पाच मोठ्या सरींत कोसळतो आणि दोन सरींमधला खंड तीन-तीन आठवड्यांपर्यंत लांबतो. वर्षाची एकूण बेरीज फारशी बदललेली नाही, परंतु पिकाच्या दृष्टीने हे दोन वेगळेच पाऊस आहेत. मोठी सर ओसरली की उताराच्या पायथ्याशी गढूळ पाणी साचते, वरच्या भागात मातीवर गुळगुळीत पपडी धरते आणि आठ-दहा दिवसांतच तिथले पीक दुपारी माना टाकू लागते. गेल्या हंगामात अशाच एका सरीच्या दुसऱ्या दिवशी मी कुदळीने खणून पाहिले, तर वीतभर खोलीखालची माती जवळजवळ कोरडी निघाली.

माती तपासणीत सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या जैविक पदार्थांतील कार्बन) ०.४२ टक्के आणि सामू (पीएच) ७.९ आला, विद्राव्य क्षार मर्यादेत आहेत. कर्ब एक टक्क्याने वाढला की हेक्टरी लाखो लिटर पाणी जास्त साठते, असे मी अनेकदा वाचले होते, म्हणून गेली तीन वर्षे दरवर्षी हेक्टरी पाच टन शेणखत घातले. त्याआधीचा आकडा ०.४० होता. तीन वर्षांच्या कष्टानंतर ०.०२ टक्के वाढ हाती आली, आणि पाणी तर पूर्वीसारखेच वाहून जात आहे. माझे कुठे चुकते आहे? शेणखत वाढवावे, मशागत बदलावी, की अशा बदललेल्या पावसात या जमिनीकडून अपेक्षाच कमी ठेवावी? अनुभवी आणि अभ्यासू मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

मृद्कण

आपण खणून पाहिलेत हे फार चांगले केलेत, कारण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या कोरड्या थरातच आहे.

प्रथम पाण्याचा हिशेब पाहू. एक टक्का कर्बामागे लाखो लिटर पाणी, हा दावा वारंवार केला जातो, परंतु मोजमापे त्याला दुजोरा देत नाहीत. मिनास्नी आणि मॅकब्रॅटनी या मृदाशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये जगभरातील प्रसिद्ध मोजमापे एकत्र करून तपासली. सेंद्रिय कर्ब एक टक्क्याने वाढल्यास पिकाला उपलब्ध होणारे पाणी दर १०० मिलिमीटर मातीमागे सरासरी १.१६ मिलिमीटर एवढेच वाढते, असे त्यांना आढळले. वाळूसर जमिनीत ही वाढ अधिक असते आणि चिकणमातीत आणखी कमी. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर, हे ध्यानात घेतले तर ३० सेंटिमीटर खोलीपर्यंतची ही वाढ हेक्टरी सुमारे ३५,००० लिटर भरते. आता हिच्या शेजारी आपली एक मोठी सर ठेवून पाहा. ६० मिलिमीटरच्या सरीत हेक्टरी ६ लाख लिटर पाणी पडते आणि त्यातले निम्मे जरी वाहून गेले तरी एका दिवसात ३ लाख लिटर हातचे जाते. आपल्या जमिनीची अडचण साठवणीची नसून प्रवेशाची आहे, असे मी म्हणतो ते या आकड्यांवरून.

शेणखताबद्दल निराश होऊ नका. जे मिळाले ते अपेक्षेप्रमाणेच आहे. एका हेक्टरमधील वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन साधारण २,१०० टन असते, त्यामुळे कर्बाचा आकडा ०.१ टक्क्याने हलवायलाच दोन टनांहून अधिक शुद्ध कर्ब मातीत टिकून राहावा लागतो. आपण तीन वर्षांत १५ टन शेणखत घातले. त्यातले पाणी आणि माती-राख वजा केली तर कर्ब अडीच टनांच्या आत राहतो, आणि त्यातला बराचसा भाग सूक्ष्मजीव खाऊन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत सोडतात. चौथा हिस्सा टिकला असे धरले तरी वाढ ०.०३ टक्क्यांच्या आसपासच येते. शिवाय प्रयोगशाळेतील चाचणीत आणि नमुना घेण्यात होणारा फरक याहून सहज मोठा असतो, म्हणून ०.४० आणि ०.४२ हे आकडे व्यवहारात एकच समजावेत.

याचा अर्थ शेणखत वाया गेले असा मुळीच नाही. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात १८५२ पासून चालू असलेला बार्लीचा एक प्रयोग आहे. त्यातील एका पट्ट्याला १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षे दरसाल हेक्टरी ३५ टन शेणखत दिले आणि नंतर ते कायमचे थांबवले. शंभराहून अधिक वर्षांनंतरही त्या पट्ट्यातील कर्ब कधीच शेणखत न मिळालेल्या शेजारच्या पट्ट्यापेक्षा जास्त होता. मात्र तिथले हवामान थंड आहे, ही मोठी अट विसरता येत नाही. तापमान १० अंशांनी वाढले की मातीतील कुजण्याचा वेग, ओलावा असेल तर, साधारण दुपटीने वाढतो. त्यामुळे उष्ण प्रदेशात, आणि आता सगळीकडेच, आपल्याला गळक्या रांजणात पाणी भरायचे आहे. भरणे तर हवेच, पण गळती कमी करणेही तितकेच निकडीचे आहे.

आता पाणी आत का जात नाही, याकडे वळू. जोराच्या सरीतील मोठा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. उघड्या मातीवर तो आदळला की मातीचे बारीक दाणे फुटतात, सुटे झालेले चिकणकण वरच्या छिद्रांत जाऊन बसतात आणि काही मिनिटांतच आपण म्हणता ती गुळगुळीत पपडी तयार होते. त्यानंतर खाली कितीही पोकळ जागा असली तरी तिचा उपयोग होत नाही, कारण दारच बंद झालेले असते. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. त्यामुळे तीव्र सरींचा जोर वाढत जाणार, ही गोष्ट गृहीत धरूनच जमिनीची व्यवस्था लावावी लागेल.

म्हणून माझा सल्ला असा की कर्बाचा आकडा काही वर्षे बाजूला ठेवून मातीचा पृष्ठभाग झाकण्यावर सगळा भर द्यावा. पेरणीनंतर किमान ३० टक्के जमीन अवशेषांनी झाकलेली राहिली तरी धूप निम्म्याहून कमी होते. शेणखतही खोल गाडण्यापेक्षा वरच्या काही सेंटिमीटरमध्येच मिसळून वर आच्छादन दिले, तर ते जिथे दाणे फुटतात तिथेच कामाला येते.

दोन चाचण्या घरच्या घरी करा आणि त्यांचे निकाल कळवा. पहिली अशी: शेतातले आणि बांधाच्या गवताखालचे एकेक सुके, सुपारीएवढे ढेकूळ अलगद पाण्यात सोडा आणि ते किती वेळ टिकते, पाणी कसे दिसते, हे पाहा. दुसरी अशी: दोन्ही बाजू उघड्या असलेले १५ सेंटिमीटर व्यासाचे पत्र्याचे कडे भेगा टाळून जमिनीत ठोका, त्यात ४४० मिलिलिटर, म्हणजेच २५ मिलिमीटर पावसाएवढे पाणी ओता, ते मुरले की लगेच तेवढेच पुन्हा ओता आणि दुसऱ्या वेळचा काळ मोजा. पहिला काळ माती किती सुकली आहे यावर ठरतो, म्हणून त्यावर विसंबू नये.

समपातळी

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण वीतभर खोलीवरचा कोरडा थर केवळ पपडीमुळे झाला असेल असे मला वाटत नाही. दरवर्षी एकाच खोलीवर नांगरट केली, आणि विशेषतः वाफसा येण्याआधी ओल्या जमिनीत अवजड यंत्र घातले, की नांगराच्या तळाशी दाबलेला कठीण थर तयार होतो. लोखंडी सळई दाबून पाहा. ठरावीक खोलीवर ती अडत असेल आणि पिकाची मुळे तिथेच आडवी वळलेली दिसत असतील, तर निदान पक्के समजा. हा थर जमीन पूर्ण सुकलेली असतानाच उभ्या फाळाच्या अवजाराने एकदा फोडावा. ओल्या चिकणमातीत तो फुटत नाही, उलट फाळाच्या बाजूने माती आणखी लिंपली जाते. आणि फोडल्यानंतर त्याच हंगामात खोल मुळांचे पीक घेतले नाही, तर दोन-तीन पावसांत तो थर पुन्हा बसतो. लोखंडाने फोडलेली भेग मुळांनीच उघडी राहते.

दोन टक्के उतार डोळ्यांना जाणवत नाही, पण पाण्याला पुरेसा असतो. पेरणीच्या ओळी उताराला आडव्या, समपातळी रेषेत घ्या. प्रत्येक ओळ पाण्याला थोडे थांबवते आणि मुरायला वेळ देते. बुर्किना फासोमधील याकुबा सावाडोगो या शेतकऱ्याने १९८० च्या दशकातील दुष्काळात जुन्या 'झाई' खड्ड्यांच्या पद्धतीत सुधारणा करून दगडासारखी झालेली जमीन पुन्हा लागवडीखाली आणली. वीतभर खोलीचे खड्डे पावसाआधी खणायचे आणि त्यांत शेणखत किंवा पाला टाकायचा. त्या खताकडे वाळवी येते, ती जमिनीत बोगदे करते आणि पहिल्याच सरीचे पाणी त्या बोगद्यांतून खाली उतरते. आपल्या जमिनीला खड्ड्यांची गरज नसेल, परंतु थोडेच खत असेल तर ते पाणी जमा होणाऱ्या जागीच द्यावे, ही त्यामागची समज माझ्या मते कुठेही लागू पडते.

मुळांची वाट

मी नऊ वर्षांपासून विनानांगरट शेती करतो आहे, म्हणून माझा अनुभव सांगतो. पहिली दोन वर्षे फार कठीण गेली. तण वाढले, उगवण विरळ झाली आणि उत्पादन घटले. तिसऱ्या वर्षापासून पाणी साचणे कमी झाले, आणि पाचव्या वर्षी जिथे पूर्वी ओघळ पडत तिथे गांडुळांची बिळे दिसू लागली. आता मोठी सर पडली तरी शेतातून बाहेर जाणारे पाणी थोडे असते आणि बरेचसे नितळ असते.

परंतु केवळ नांगर थांबवून हे साधले नाही. पहिल्या वर्षी मी नांगरट बंद केली, पण पिकाचे अवशेषही शेताबाहेर नेले, आणि जमीन आणखीच घट्ट झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ६१० अभ्यासांतील उत्पादनाच्या नोंदींची तुलना केली होती, तिचा निष्कर्ष माझ्या अनुभवाशी जुळतो: शून्य मशागतीत सरासरी उत्पादन ५.७ टक्क्यांनी घटते, मात्र कोरड्या हवामानातील पावसावरच्या शेतीत तिला अवशेषांचे आच्छादन आणि पिकांची फेरपालट या दोहोंची जोड दिली तर उत्पादन ७.३ टक्क्यांनी वाढते. तिन्ही गोष्टी एकत्र करणे शक्य नसेल, तर नांगर थांबवण्याची घाई करू नये असे मी मनापासून सांगेन.

मृद्कण

हा अनुभव मोलाचा आहे. फक्त एका मुद्द्याची भर घालतो. शून्य मशागतीने कर्ब झपाट्याने वाढतो असे अनेकदा सांगितले जाते, पण त्यातला बराच भाग निव्वळ जागाबदल असतो. नांगरट थांबल्यावर अवशेष वरच साठतात, त्यामुळे वरच्या थरातला कर्ब वाढतो आणि खालच्या थरातला घटतो. पूर्ण खोलीचा हिशेब केला तर वाढ थोडीच उरते. तरीही कोरडवाहू शेतकऱ्यासाठी हा जागाबदल स्वतःच उपयुक्त आहे, कारण थेंबाचा मार वरच्या दोन-तीन सेंटिमीटरलाच सोसावा लागतो. कर्ब किती आहे एवढेच पाहून भागत नाही, तो कुठे आहे हेही पाहावे लागते.

कोरडवाहू

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. दोन्ही चाचण्या केल्या. बांधाच्या गवताखाली दुसऱ्या वेळचे पाणी सहा मिनिटांत मुरले. शेतात त्यालाच पन्नास मिनिटे लागली. मातीचा प्रकार तोच आणि अंतर जेमतेम वीस पावलांचे, तरी एवढा फरक पाहून मी थक्क झालो. शेतातले ढेकूळ पाण्यात पडताच मिनिटभरात विरघळून ढिगारा झाला, बांधावरचे मात्र तासाभरानंतरही बहुतेक शाबूत होते. शेताच्या ढेकळाभोवती पाण्याला थोडी दुधाळ छटा आली, तिचा अर्थ मला समजला नाही. सळई मात्र आठ ठिकाणांपैकी सहा ठिकाणी वीतभर खोलीवर अडली.

आता तीन अडचणी आहेत. पिकाचे अवशेष जनावरांच्या वैरणीसाठी लागतात, त्यामुळे सगळे शेतात ठेवता येणार नाहीत. गेल्या वर्षी एका तुकड्यात धान्याचे काड मातीत मिसळले होते, तेव्हा पुढचे पीक पिवळे पडले. आणि मोकळ्या काळात आच्छादन पीक घ्यावे म्हटले, तर मुख्य पिकासाठी राखलेली ओल तेच पिऊन टाकील अशी भीती वाटते.

द्विदल

दुधाळ छटेबद्दल आधी सांगते, कारण ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. ढेकूळ नुसते कोसळून पडणे आणि त्यातून चिकणकण सुटून पाणी गढूळ होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याचे कारण बहुधा सेंद्रिय पदार्थांची उणीव हे असते. दुसऱ्यामागे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम असू शकतो. जमीन चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट व निचरा न होणारी, होऊ लागली असेल तर केवळ शेणखत आणि आच्छादन पुरत नाही. सोडियमची जागा कॅल्शियमने घ्यावी लागते आणि त्यासाठी जिप्सम (कॅल्शियमयुक्त खनिज) व चांगला निचरा लागतो. विद्राव्य क्षार मर्यादेत असले तरी विनिमयक्षम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला, सोडियम जास्त असू शकतो, म्हणून त्याचे प्रमाण स्वतंत्रपणे तपासून घ्या. ते १५ टक्क्यांच्या वर गेले की जमीन चोपण मानतात, पण चिकणमातीत त्रास त्याआधीच जाणवू लागतो. आपला सामू ७.९ आहे, त्यामुळे प्रकरण फार पुढे गेलेले नसावे.

पीक पिवळे पडले ते नत्राच्या (नायट्रोजनच्या) अभावी. धान्याच्या काडात कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण ८० ला १ असते. ते सुमारे २५ ला १ पेक्षा जास्त असले की कुजवणारे सूक्ष्मजीव आपली गरज भागवण्यासाठी मातीतलाच नत्र उचलतात आणि पीक उपाशी राहते. काड मातीत मिसळले की हे ठळकपणे घडते. पृष्ठभागावर ठेवले तर त्याचा मातीशी संपर्क थोडा राहतो, कुजणे सावकाश चालते आणि ओढाताणही कमी होते. मिसळायचेच असेल तर पेरणीच्या बरेच आधी, द्विदल पिकाच्या हिरव्या अवशेषांबरोबर मिसळावे.

याचीच दुसरी बाजू अशी की मातीत दीर्घकाळ टिकणारा कर्ब एकटा राहत नाही. एक टन कर्ब स्थिर स्वरूपात बांधला जायचा असेल, तर त्याच्या सोबत सुमारे ८० किलो नत्र, २० किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि १४ किलो गंधक अडकतो. उपाशी जमिनीत नुसते काड ओतत राहिले आणि कर्ब वाढला नाही, तर त्यात नवल नाही.

वैरणीचा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून दिलेला सल्ला निरुपयोगी ठरेल. कापणी थोडी उंचावर करा, वीत-दीड वीत धसकटे उभी राहू द्या आणि वरचा भाग वैरणीला न्या. उभी धसकटे पाण्याचा वेग अडवतात आणि वाऱ्यापासूनही मातीला जपतात. शिवाय मुळे आपलीच असतात, ती कोणी नेत नाही. मुळांमधून आलेला कर्ब पानाकाडीच्या कर्बापेक्षा मातीत दुपटीहून अधिक प्रमाणात टिकतो, असे तुलनात्मक अभ्यासांत दिसले आहे, कारण तो थेट मातीच्या कणांमध्येच सोडला जातो आणि खनिजांना बिलगून सूक्ष्मजीवांपासून सुरक्षित राहतो. बांधावरच्या गवताला कोणी खत घालत नाही. तिथे वर्षभर जिवंत मुळे आहेत आणि माती कोणी उलथत नाही, एवढ्यानेच तिथले पाणी सहा मिनिटांत मुरते.

आच्छादन पिकाबद्दलची आपली भीती योग्य आहे. कोरड्या प्रदेशांत आच्छादन पीक उशिरापर्यंत उभे ठेवल्याने पुढच्या पिकाला ओल कमी पडल्याचे अनुभव आहेत. म्हणून ते हंगामाआधीच्या पावसावर घ्या, फुलोऱ्याच्या आधी, मुख्य पेरणीपूर्वी दोन-तीन आठवडे आडवे पाडा आणि तिथेच पसरू द्या. पाऊस लांबला तर आणखी आधी पाडा. थोडा पाला कमी मिळाला तरी चालेल, ओल जाता कामा नये. ते जमणार नसेल, तर मुख्य पिकाच्या ओळींमध्ये लवकर पसरणारे द्विदल आंतरपीक हा अधिक सुरक्षित मार्ग आहे.

समपातळी

सळईच्या निकालावरून थर फोडणे आवश्यक दिसते, पण सोडियमचा अहवाल आल्याशिवाय ते करू नका. चोपण जमीन जिप्समविना खोल फोडली तर पहिल्याच पावसात ती पुन्हा एकजीव होऊन बसते. जिप्सम लागणार असेल तर ते फोडणीच्या वेळीच भेगांत उतरवता येईल.

कोरडवाहू

आपल्या सर्वांच्या सूचनांवरून मी असे ठरवले आहे. सोडियमची तपासणी याच आठवड्यात करून घेतो आणि तिच्यावरून थर फोडण्याचा निर्णय घेतो. तिन्ही हेक्टरवर एकदम बदल करण्याऐवजी उताराच्या वरच्या एका हेक्टरपासून सुरुवात करीन: आडव्या ओळी, उंच धसकटे, आंतरपीक म्हणून द्विदल, आणि शेणखत वरच्या थरातच. त्याच हेक्टरमध्ये एक पट्टा मात्र मुद्दाम जुन्या पद्धतीने ठेवणार आहे, म्हणजे पाऊस चांगला झाल्यामुळे फरक पडला की जमीन सुधारल्यामुळे, हे कळेल.

मृद्कण

पट्टा ठेवण्याचा निर्णय उत्तम आहे. तो उताराच्या दिशेने उभा घ्या, म्हणजे वरची आणि खालची दोन्ही प्रकारची माती त्यात येईल. कड्याची चाचणी दरवर्षी पेरणीच्या आधी, दोन्हीकडे किमान पाच-पाच ठिकाणी करा. कर्बाची तपासणी तीन-चार वर्षांनी एकदा पुरे, पण नमुना त्याच महिन्यात, त्याच खोलीचा आणि त्याच प्रयोगशाळेत द्या, आणि चाचणीची पद्धत कोणती होती हे अहवालावर लिहून घ्या. वॉकली-ब्लॅक या रसायनांनी कर्ब मोजण्याच्या पद्धतीत सगळा कर्ब मोजला जात नाही, म्हणून तिचा आकडा भट्टीत जाळून काढलेल्या आकड्याशी थेट ताडून पाहता येत नाही. पहिल्या वर्षी पन्नास मिनिटांची चाळीस मिनिटे झाली, तरी मला अवश्य कळवा.